खुलासा : उलटा पिन टाकल्याने पोलीस येत नाहीत

बॅग पाठीवर टाकून परदेशात फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : एटीएमवर चोराने धमकावलं तर पिन उलटा टाका. पैसे निघतील आणि पोलिसांनाही गुपचूप कळेल. हे खरं नाही.

अशी कल्पना अमेरिकेत पेटंटपर्यंत पोहोचली होती, म्हणून मेसेज खरा वाटतो. पण तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था) 2010 च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की, अशी सोय कुठल्याही एटीएमवर बसवलेलीच नाही. साधा विचार करा : ज्याचा पिन 2332 आहे, त्याने उलटा काय टाकायचा? 1234 वाल्याने 4321 टाकला, तर मशीनच्या लेखी तो फक्त चुकीचा पिन. पैसे येणार नाहीत, पुन्हापुन्हा चुकला तर कार्ड ब्लॉक होईल, आणि समोर चाकू घेतलेला माणूस आणखी भडकेल. मला खरी काळजी त्या क्षणाची वाटते.

तसा प्रसंग आलाच तर पैसे देऊन टाका, जीव वाचवा. तयारी निघण्याआधी करायची. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे कार्डाचा परदेशातला वापर चालू-बंद करता येतो, मर्यादाही ठरवता येते. बँकेच्या ॲपमध्ये ती रोजच्या खर्चापुरतीच ठेवा. दुसरं कार्ड आणि थोडे डॉलर पाकिटात नकोत, हॉस्टेलच्या लॉकरमध्ये स्वतःचं कुलूप लावून ठेवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.