खुर्चीला लागलं तर नाही ना?

आधी स्वतःला निर्दयी म्हणणं बंद करा. तिसऱ्या मजल्यावरचे काका पंधरा दिवस दवाखान्यात होते, हे तुम्हाला ते घरी आल्यावर कळलं. असू दे. तुमची स्कूटर आठवा. विकायच्या दिवशी तिला पुसलंत, सीटवरून हात फिरवलात आणि घेणाऱ्याला बाजूला घेऊन म्हणालात, "सकाळी चोक दिल्याशिवाय उठत नाही हो ती, जरा सांभाळून घ्या." लेकीच्या सासरी याहून वेगळं काय सांगतात?

तेव्हा माया तुमच्यात भरपूर आहे, फक्त ती योग्य ठिकाणी लावा. 1944 मध्ये हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात होते दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट. जवळजवळ सगळ्यांनी त्यात मोठा त्रिकोण गुंड आणि वर्तुळ बिचारं घाबरलेलं पाहिलं. साहजिक आहे, वर्तुळ कधी उसने पैसे मागत नाही.

अबोला धरायचा, तर तोही वस्तूनेच धरावा. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चंद्रापासून जेमतेम 2.1 किलोमीटरवर असताना विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तर सगळ्या देशाचा जीव टांगणीला लागला. सिग्नल तोडलास तरी पावती फाडणार नाही, पण उत्तर दे, असं नागपूर पोलिसांनी त्याला ट्विटरवरून कळवलं. (ही सवलत आम्हाला व्हरायटी चौकात कधी मिळाली नाही, ते असो.) मावसभावाने तीन दिवस फोन उचलला नाही, तर मात्र "माज आलाय" एवढंच म्हणावं.

1 जूनला पुणे स्टेशनवर डेक्कन क्वीनचा वाढदिवस असतो. अवश्य जा. केक खा, इंजिनाला हार घालताना डोळे पुसा. मग पासधारकांच्या डब्यात चढा आणि कोणी "जरा सरकता का?" म्हटलं की खिडकीबाहेर बघा.

थोडा सराव झाला की सोसायटीच्या गेटपाशी या. आमच्याकडे तिथे वॉचमनची पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आहे. पाठ तडकलेली, एक पाय सुतळीने बांधलेला, उन्हाने रंग पिवळट. परवाच्या मीटिंगमध्ये तिचा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींचा आवाज कातर झाला. "बारा-बारा तास ओझं वाहते हो बिचारी." ओझं, म्हणजे वॉचमनकाका, तेव्हा दारात उभं होतं. त्यांना रविवारची सुट्टी हवी होती. हा विषय अजेंड्यावर नव्हता.

इथे नवखे चुकतात. काकांकडे बघतात, "गुडघे कसे आहेत?" म्हणून बसतात, आणि मग काका खरंच सांगायला लागतात. खुर्ची सांगत नाही. ती फक्त करकरते, आणि त्या करकरण्यात तुम्हाला हवं ते ऐकू येतं.

दसऱ्याला आम्ही पंपाला, लिफ्टला, गेटला हार घातले. यंदा खुर्चीलाही घातला, हळदकुंकू वाहिलं. पूजा होईपर्यंत काका उभे होते. नंतरही उभेच राहिले, झेंडू चुरगळू नयेत म्हणून.