अकरा ते चार

शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी श्वाससुद्धा बेताने घेतो. बायको सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइल बघत असते. तिचं लक्ष माझ्याकडे जाऊ नये एवढीच माझी माफक अपेक्षा. पण "अरे, हे बघ ना, कसलं टुमदार गाव आहे!" हे वाक्य येतंच, आणि माझा रविवार तिथल्या तिथे निकालात निघतो.

या 'टुमदार' शब्दाशी माझं जुनं वैर आहे. शहराला टुमदार म्हटलेलं कुणी ऐकलंय? आपल्या सोसायटीला? टुमदार म्हणजे जिथे आपण राहत नाही आणि जिथलं पाण्याचं बिल आपल्या नावाने येत नाही, असं काहीही.

"एका दिवसात जाऊन येऊ, मुक्काम नको," ही पुढची ओळ. वरवर निरुपद्रवी. या सगळ्याचे मूळपुरुष मानले जातात ते इंग्लंडमधले सहलवाले थॉमस कुक. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी सुमारे पाचशे माणसांना आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेलं आणि त्याच दिवशी परत आणलं. माणशी एक शिलिंग. कार्यक्रम काय, तर दारूबंदीची सभा. म्हणजे त्यांच्या सहलींची सुरुवातच मुळी एक थेंबही न पिता झाली. संध्याकाळी आम्ही घरी परततो तेव्हा आमच्या चेहऱ्यावर नेमकी तीच सभा असते.

तर, सहाची गाडी ठरली होती, आम्ही सात चाळीसची पकडली. मधल्या वेळात काय झालं ते सांगत नाही, मला याच घरात राहायचं आहे.

गाडीतून उतरलो आणि गाव कुठेच दिसेना. स्टेशनवर पाटी त्याच गावाची. समोर एक शेत, एक गोदाम आणि आमच्याकडे बघणारं एक कुत्रं. गाव तीन किलोमीटरवर. यात रेल्वेची चूक नाही म्हणा. गाव आधीचं, रूळ नंतरचे. रुळांना सपाट जमीन आणि हलका चढ लागतो, आणि जुन्या लोकांनी गावं वसवली ती नेमकी टेकडीच्या डोक्यावर नाहीतर नदीच्या वळणात. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटचं स्टेशन तर तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे. गाडीतून उतरून होडीत बसायचं, मग गाव. हे मी वाटेत बायकोला समजावून सांगितलं. "आपल्याला होडी तरी कुठे मिळाली?" ती म्हणाली. तीन किलोमीटर चाललो.

दगडी फरसबंदीच्या गल्ल्या फोटोत फार सुंदर दिसतात, कारण फोटोला घोटा नसतो. दर चौथ्या पावलाला माझा पाय वेगळ्या शतकात पडत होता. चौकात मनोऱ्यावरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं. "किती निवांत!" बायको म्हणाली. आमच्या घरातलं घड्याळ महिनाभर असंच निवांत होतं, तेव्हा मात्र मला रोज ऐकावं लागलं होतं.

पुढच्या गल्लीत रांग होती. रांग दिसली की आम्ही आधी उभे राहतो, कशाची ते मग विचारतो. ती निघाली एका निळ्या दाराची. दारात आत जायचं नव्हतं, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा होता. आमचा नंबर तिसरा असताना दार करकरलं आणि घरातल्या बाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. पंधरा-सोळा मोबाइल एकदम खाली आले. "एक मिनिट थांबता का?" मागून कुणीतरी म्हणालं. त्या बाईंना. त्यांच्याच उंबरठ्यावर! आणि हसू नका, पण त्या थांबल्याही. पिशवी पाठीमागे लपवून, फोटोत येऊ नये म्हणून दाराआड अंग चोरून. पिशवीतून काहीतरी टपटप गळत होतं.

हालश्टाटमध्ये २०२३ साली अशाच वैतागातून नजाऱ्यासमोर चक्क लाकडी कुंपण उभं केलं होतं. जेमतेम आठशे वस्तीचं गाव आणि भर हंगामात दिवसाला दहा हजारापर्यंत पाहुणे. ओरड झाल्यावर कुंपण काढलं. चीनमध्ये याच गावाची हुबेहूब नक्कल २०१२ पासून उभी आहे, तरी मूळ गावातली गर्दी काही हटलेली नाही. मला आधी ते कुंपण म्हणजे अतिरेक वाटला होता. ती गळकी पिशवी बघितल्यावर मी कुंपणवाल्यांच्या बाजूने झालो. फोटो मात्र काढला. रांगेत वीस मिनिटं घातली होती.

मग संग्रहालय. खरं म्हणजे आम्ही आलो होतो ते त्याच्यासाठी. दाराला मुठीएवढं पितळी कुलूप, आणि कुलपाला सुतळीने बांधलेला पुठ्ठा: 'आत्ता येतो'. कोण येतो, कुठून येतो, काही नाही. शाई उन्हाने फिकी पडलेली, पुठ्ठ्याचे कोपरे पावसाने फुगलेले. म्हणजे ते 'आत्ता' निदान एक पावसाळा जुनं होतं. शेजारचं दुकान बंद, समोरचं बंद. रस्त्यावर होते ते सगळे आमच्यासारखे, पाठीवर पिशव्या आणि चेहऱ्यावर 'इथे काय बघायचं असतं?'

बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, "संग्रहालय कधी उघडतं?"

"सकाळी उघडतं, नऊला. मग संध्याकाळी, साडेचारनंतर."

"आणि मध्ये?"

"मध्ये झोपतात की!" मला हे माहीत नसावं याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

मी त्यांच्या शेजारी बसलो. सकाळी म्हणे इथे बाजार भरतो, संध्याकाळी सगळं गाव नदीवर फिरायला येतं, दिवेलागणीला या चौकात उभं राहायला जागा नसते. "तुम्ही लोक नेमके अकरा ते चार येता," ते म्हणाले. "आम्ही तेव्हा घरात असतो."

"तुम्ही का नाही झोपलात मग?"

"रविवारी मी तुम्हाला बघायला येतो."

व्हेनिसने २०२४ पासून काही ठरावीक दिवशी मुक्कामाला न राहणाऱ्या पाहुण्यांना प्रवेशशुल्क लावलं, तेही सकाळी साडेआठ ते दुपारी चारपुरतं. चारनंतर या, फुकट. तेव्हा मला त्याचा अर्थच लागला नव्हता. हा दंड होता तो चुकीच्या वेळी येण्याचा. आजोबा तोच वसूल करत होते, फक्त पैसे न घेता.

आमची परतीची गाडी पाच बाराची. तीन किलोमीटर धरून चारला निघणं भाग होतं. वेशीपर्यंत आलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं, दुपारभर कळकट दिसणाऱ्या भिंती मधासारख्या झाल्या होत्या. एकेक खिडकी उघडत होती. कुठूनतरी पेटी वाजवल्याचे सूर आले. कुणी झाडत होतं, कुणी खुर्च्या बाहेर मांडत होतं. बायको दर दहा पावलांनी मागे वळून बघत होती आणि मी तिला दंडाला धरून स्टेशनकडे ओढत होतो. मनोऱ्यावरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्याही.

गाडीत बसायला जागा मिळाली. बायको फोटो चाळत होती: निळं दार नऊ वेळा, कुलूप चार वेळा. मग एका फोटोवर ती थांबली. "हा बघ, हा एकच छान आलाय." बाकावर आजोबा आणि मी. मी मान खाली घालून हातातलं घड्याळ बघतोय आणि आजोबा गालातल्या गालात हसत, अगदी मन लावून, मला बघतायत.

"पुढच्या वेळी ना," ती म्हणाली, "असं गाव शोधू जिथे स्टेशन गावातच आहे."