चुडा हिरवाच दिसायला हवा

“एडिटिंग शिकण्यात वर्षं घालवू नका. ५,००० प्रीसेटचा पॅक घ्या, एक क्लिक करा. पोर्ट्रेट असो की लग्न, प्रोफेशनल लूक तयार.” लग्नसराई तोंडावर आली की हा मजकूर फोटोग्राफरांच्या ग्रुपवर फिरू लागतो. त्याला तीन शेपट्याही असतात: त्वचा गुळगुळीत केली की पोर्ट्रेट झालं, फोटो कसाही निघाला तरी एडिटमध्ये सुधारतो, आणि शिकायचंच असेल तर महागडा कोर्स लागतो. नवी मुलं यावर विसंबून नजर तयार होण्याआधीच लग्नाच्या ऑर्डरी घेतात, म्हणून हे उत्तर.

आधी त्या एका क्लिकबद्दल. प्रीसेट म्हणजे कुणीतरी आपल्या फोटोवर उजेड-रंगाचे स्लायडर (कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) जिथे ठेवले ते आकडे. त्या आकड्यांना समोर कोण बसलंय, उजेड कुठून येतोय, याची खबर नसते. नवे अ‍ॅडॅप्टिव्ह प्रीसेट चेहरा किंवा आकाश वेगळं निवडतात हे खरं, पण निवडलेल्या भागाला लावायचे आकडे तिथेही आधीच ठरलेले असतात.

माझ्या पहिल्या सीझनला मी असाच एक ‘मूडी’ प्रीसेट संपूर्ण लग्नाला लावला होता. असे प्रीसेट हिरव्याची तीव्रता उतरवतात आणि त्याची छटा तपकिरीकडे ढकलतात. पांढरा गाऊन आणि मागे झाडी अशा लग्नात ते शोभतं, कारण तिथे हिरवा रंग पार्श्वभूमीचा असतो. आपल्याकडे तो नवरीच्या हातात असतो. अल्बम छापून आला तेव्हा चुडा चॉकलेटी दिसत होता, पिवळी अष्टपुत्री नारिंगी झाली होती आणि हळदीच्या फोटोंत हळद कुठे संपते नि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. नवरीच्या आईनं एवढंच विचारलं, “अहो, चुडा तर हिरवाच भरला होता ना आम्ही?” सगळ्या शीट मी माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिल्या. त्या बाईंचा प्रश्न आजही प्रत्येक अल्बम छपाईच्या लॅबला पाठवण्याआधी मी स्वतःला विचारतो.

हे का होतं ते समजून घ्यायला हवं. त्वचेचा रंग बहुतांशी नारिंगी-पिवळ्या पट्ट्यात बसतो. सोनं, हळद, अष्टपुत्री, झेंडूच्या माळाही त्याच पट्ट्यात. चेहरा उजळावा म्हणून नारिंगीचा ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) चढवला की नथ आणि तोडे फिके पडतात. म्हणून चेहऱ्याला वेगळा मास्क लागतो, म्हणजे बदल फक्त तेवढ्याच भागापुरता ठेवणारी निवड. त्यात उजेडही एकसारखा नसतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा: हॅलोजन साधारण ३,००० केल्विनचा, दुपारचं ऊन ५,५०० च्या आसपास. अंतरपाट धरलेला असताना एकाच चेहऱ्यावर डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरा पडतो. वर मंडपाच्या लाल कापडाची झाक. इथे कुठला आकडा आधीच ठरवून ठेवणार?

‘त्वचा गुळगुळीत केली की झालं’ हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात ‘गोरी केली की’ हे न बोलता येतं. व्हिडिओवाले व्हेक्टरस्कोप वापरतात, म्हणजे चित्रातले रंग गोल आलेखावर दाखवणारं साधन. त्यावर त्वचेची एक रेषा असते. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, कुठलीही त्वचा साध्या उजेडात तिच्याच आसपास पडते. फरक मुख्यतः उजळपणाचा. सावळा चेहरा म्हणजे रंगातली चूक नव्हे, की जी करेक्शन करून काढायची. फिल्म बनवणाऱ्या कोडॅकनं प्रिंटचे रंग जुळवायला लॅबना दिलेली ‘शर्ली कार्डं’, म्हणजे नमुन्याचे फोटो, कित्येक दशकं गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेली होती. वेगवेगळ्या वर्णांची कार्डं १९९० च्या दशकात आली. ती सवय आता आपण आपल्याच हातानं अ‍ॅपमध्ये पुढे चालवायची का?

गुळगुळीतपणाचं म्हणाल, तर अ‍ॅपनं पुसलेला चेहरा मोबाइलवर बरा दिसतो, पण अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीटवर मेणाचा वाटतो. फ्रिक्वेन्सी सेपरेशन या एडिटिंगच्या पद्धतीत त्वचेचा पोत आणि तिच्यावरची सावली वेगळ्या लेयरवर येतात, त्यामुळे डाग निघतात आणि रंध्रं राहतात. डॉज-बर्न, म्हणजे हातानं थोडं थोडं उजळवणं आणि गडद करणं, त्याहून संथ, पण माझ्या मते त्याहून प्रामाणिक. आठवड्यात जाणारी पुटकुळी काढावी. तीळ, जुना व्रण, आजीच्या सुरकुत्या विचारल्याशिवाय काढू नयेत.

‘एडिटमध्ये सगळं सुधारतं’ यात अर्धं सत्य आहे. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्यानं नोंदलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, नेहमीच्या जेपीईजी फोटोत २५६. त्यामुळे अंधारलेला चेहरा रॉमधून बराच वर काढता येतो. पण स्टेजवर जांभळे एलईडी असतील तर हिरव्या चॅनलपर्यंत जवळपास काहीच पोचलेलं नसतं. त्वचेचा रंग नोंदलाच गेला नाही, तर परत कुठून आणणार? मुंडावळ्यांचे मोती जादा उजेडानं पांढरेफटक जळले असतील तर तेही गेले.

कोर्सचं उत्तर सोपं आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ फोटो एडिट करायची सॉफ्टवेअर फुकट आहेत. हात बसल्यावर स्वतःचे प्रीसेट जरूर करा. मीही वापरतो, पण व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा तोल) आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) फोटोगणिक नीट केल्यावरच.

सुरुवात घरातच करा. आईला किंवा काकूला खिडकीपाशी बसवा, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. एक रॉ फोटो काढा. स्क्रीनची चमक कमी करा, नाहीतर प्रिंट काळपट येते. मग त्वचा, सोनं आणि हिरवा, तिन्ही एकाच वेळी खरे दिसेपर्यंत बसा. ४ बाय ६ची प्रिंट काढून त्याच खिडकीत त्याच बांगड्यांशेजारी धरा. जो रंग जुळत नसेल तिथून पुन्हा सुरू करा.