एक हॉर्सपावर म्हणजे एक टन? कोणी शिकवलं हे?

"कोळशाच्या इंजिनाची ताकद, रेल्वेनं लपवलेलं गणित" हा फॉरवर्ड तीन दिवसांपासून गावच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी तिकडं बघणारही नव्हतो, पण काल पुतण्या शेतातून फोन करून विचारतो, "काका, एक हॉर्सपावर म्हंजे एक टन म्हनते, मंग आपला ४५ चा ट्रॅक्टर ४५ टन ओढते का?" जाऊन पाहतो तर ट्रॉलीत सोयाबीनचे कट्टे फाळक्याच्या दोन थर वर, आणि नाल्यातून रस्त्यावर चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीपासून चांगली वीतभर उचललेली. पोट्ट्यानं क्लच दाबून ब्रेक मारला म्हणून वाचला.

त्यामुळं आधी हाच मुद्दा. हॉर्सपावर म्हणजे वजन नाही. ओढ गुणिले वेग म्हणजे हॉर्सपावर, एक म्हणजे सेकंदाला ७५ किलो एक मीटर. ४५ हॉर्सपावर सगळीच्या सगळी चाकापर्यंत पोचली असं धरलं तरी ताशी १० किलोमीटरला ओढ येते १२०० किलोच्या आसपास. सपाट डांबरी रस्त्यावर तेवढ्यात बरंच वजन हलतं, पण दहा फुटाला एक फूट चढ आला की टनामागे १०० किलो ओढ नुसती चढच खातो. आता करा ४५ टनाचा हिशोब. आणि काळ्या मातीत त्याआधी टायरच फिरतात, नाहीतर पुढा उचलतो.

आता इंजिनाचं. मेसेजमधे म्हणे डब्ल्यूजी या कोळशावरच्या मालगाडी इंजिनाची ओढ १७ टन, म्हणजे ते १७ टनच ओढायचं, बाकी गाडी "वेगानं चालायची". अरे बाप्पा, वेग आला कुठून मग! १७ टन ही ओढ आहे, लोड नाही. रेल्वेनं काही लपवलेलंही नाही, इंजिनाची मापं छापलेली आहेत, कोणीही मांडून बघावं: सिलिंडरचा व्यास २१.८७५ इंच, त्याचा वर्ग, गुणिले स्ट्रोक (पिस्टनची धाव) २८ इंच, गुणिले बॉयलरचं प्रेशर चौरस इंचाला २१० पौंड, त्याचे ८५ टक्के, भागिले चाकाचा व्यास ६१.५ इंच. उत्तर ३८,८९० पौंडाच्या जवळ येतं, म्हणजे साडेसतरा टन, आणि रेल्वेचा आकडाही तोच आहे. मालगाडी सुटताना सपाटीवर टनामागे साधारण ५ किलो लागतात असं धरा, शंभराला एक चढ असेल तर आणखी १०. म्हणजे १५ किलोनं भागलं तरी इंजिनासकट ११०० टनाच्या वर गाडी निघते. ते ८५ टक्के म्हणजे "चोरीला गेलेली वाफ" हेही खोटं, बॉयलरमधलं पूर्ण प्रेशर पिस्टनपर्यंत पोचत नाही म्हणून ती वजावट धरतात.

मोठ्या चाकाचं इंजिन जास्त ओढतं, हे तर सरळ उलटं. चाक भागाकारात आहे. पॅसेंजरच्या डब्ल्यूपीला ६७ इंची चाकं, प्रेशर तेच २१०, सिलिंडर थोडा लहान, ओढ ३०,६०० पौंड. मोठं चाक पळायला, छोटं ओढायला. आमच्या छोट्या रुळावरच्या शकुंतला गाडीच्या इंजिनाची चाकं किती लहान होती हे १९९४ च्या आधी मूर्तिजापूर-यवतमाळ गेलेल्या कोणालाही विचारा.

रुळावर वाळू ब्रेक थंड करायला टाकायचे म्हणे. वाळू पकडीसाठी असते. ओढ इंजिनाचा जोर मिळणाऱ्या चाकांवरच्या वजनाच्या साधारण पावपट, त्याच्या वर गेली की चाकं जागेवर फिरतात, मग सिलिंडर कितीही मोठा लावा. डब्ल्यूजीच्या अशा चार अॅक्सलवर साधारण ७४ टन, म्हणून साडेसतरा टन ओढ त्याला झेपते. पावसात रूळ ओले झाले की ही पकड कमी होते, तिथं वाळू.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, वाफेचं इंजिन उभ्या जागेवरून सगळ्यात जोरात ओढायचं, हे खरं आहे. वेग वाढला की बॉयलरला तेवढी वाफ पुरवता येत नाही आणि ओढ उतरते. पण म्हणून "आजच्या इंजिनांना हे जमत नाही" कसं? विजेवरचं मालगाडी इंजिन डब्ल्यूएजी-९ सुटताना ४६० किलोन्यूटन ओढ देतं, डब्ल्यूजीचे होतात १७३.

पुतण्यानं आज दोन खेपा केल्या. ज्यानं ग्रुपवर हे टाकलं त्यानं निदान ती ट्रॅक्टरवाली ओळ तरी आज काढावी, पुढच्या आठवड्यात अर्ध्या गावाचं सोयाबीन त्याच नाल्यातून निघणार आहे.