चावी आत, मी बाहेर

रविवारी सकाळी ओल्या कचऱ्याची पिशवी ठेवायला म्हणून मी दाराबाहेर एक पाऊल, फक्त एक पाऊल टाकलं आणि गॅलरीतून आलेल्या वाऱ्यानं दार धाडकन लावून घेतलं. लॅचचा तो 'खट्' आवाज ज्यानं बाहेरून ऐकलाय, त्यालाच माझं दुःख कळेल. बायको माहेरी, मोबाइल आत, अंगात भोकं पडलेला बनियन आणि अर्धी चड्डी. गॅस बंद होता, एवढीच काय ती पुण्याई.

सिनेमात नायक खांद्यानं दार पाडतो. मी दोन धडका दिल्या. दार हललं नाही, खांदा मात्र हलला. तिथल्या ज्या हाडातून कळ आली त्याला डॉक्टर क्लॅव्हिकल म्हणतात. लॅटिनमध्ये क्लॅविस म्हणजे चावी, आणि क्लॅव्हिकल म्हणजे छोटी चावी. थोडक्यात, माझ्याजवळ चावी होती. दुखत होती, इतकंच.

आवाजानं समोरच्या काकू बाहेर आल्या. मराठीच्या निवृत्त शिक्षिका.

"काय रे, भूकंप झाला का?"

"चावी आत राहिली, काकू."

"किल्ली म्हण. चावी पोर्तुगीज आहे."

माणूस बनियनवर जिन्यात उभा असताना त्याला व्युत्पत्ती सांगणारी शेजारीण मिळायला पूर्वसंचित लागतं. पण त्यांचं चुकलं नव्हतं. लॅटिन क्लॅविसची पोरं युरोपभर पांगली: फ्रेंचांची क्ले, इटालियनांची क्यावे, पोर्तुगिजांची शाव्ह. आज लिस्बनमध्ये शाव्ह म्हणतात खरं, पण हे लोक आपल्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्या तोंडी 'च'च होता. म्हणजे त्यांनी स्वतः हरवलेला उच्चार आपण जपून ठेवलाय. वसई त्यांच्याकडे १५३४ साली गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती परत घेतली. पोर्तुगीज गेले; चावी आपल्याकडे राहिली. बादली, घमेलं आणि पगारही त्यांचेच. त्यातला पगार तेवढा टिकत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, त्यामुळे गप्प बसवेना. "काकू, मग कुलूप तरी कुठे आपलं? अरबी कुफ्ल. आपण फ आणि ल उलटे बसवले, घाईत चावी उलटी घालतात तसे."

"मग टाळं म्हण. संस्कृत तालक."

"टाळं कारखान्याला ठोकतात, काकू. घराला लावतात ते कुलूप."

यावर त्या आत गेल्या. रागावल्या वाटतं, म्हणेपर्यंत चहाचा कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चावीवाल्याला फोन केलाय." केला की नाही 'चावी'चाच प्रयोग! मी चहाकडे बघून विषय काढला नाही.

जिन्याच्या पायरीवर बसलो. कॉन्क्लेव्ह हा शब्दही याच घराण्यातला, चावीनं बंद होणारी खोली. तेराव्या शतकात इटलीतल्या वितेर्बो गावी कार्डिनल मंडळी १२६८ ते १२७१, जवळजवळ तीन वर्षं, पोपच निवडेनात. तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं आणि वर छप्परही उचकटलं. हल्ली आपल्याकडे पंचतारांकित हॉटेलात बुफेसकट कॉन्क्लेव्ह भरतात. कोंडत कोणीच नाही, म्हणून निर्णयही होत नाहीत. माझं तर उलटंच कॉन्क्लेव्ह चाललं होतं. अख्खी इमारत आत आणि मी बाहेर. दूधवाला, पेपरवाला, तिसऱ्या मजल्यावरची मुलं, सगळ्यांनी येता-जाता दर्शन घेतलं.

"आपला मूळ शब्द कुंचिका," काकू दारातून म्हणाल्या. "हिंदीवाल्यांनी कुंजी करून ठेवला. आपण टाकला."

"आणि इंडोनेशियानं उचलला," मी म्हणालो. "तिथे आजही चावीला कुंची म्हणतात."

काकू पहिल्यांदाच खूश झाल्या. "बघ! परक्यांना कदर आहे."

चावीवाला आला तो खांद्यावर शे-दीडशे चाव्यांचं कडं खुळखुळवत. "चाबी बनाना है?" म्हणाला. व्ही गेला, बी आला. काकूंनी कपाळाला हात लावला. त्यानं कोरी चावी लॅचमध्ये घातली, दाबून पिळली, बाहेर काढून उजेडात तिरकी धरली. पितळेवर केसाएवढे ओरखडे उमटले होते. तेवढ्याच जागी कानस दोनदा फिरवली, फुंकर मारली, पुन्हा आत. असं पाच-सहा वेळा. मग खट्.

एरवी ज्याच्यावर माझी झोप अवलंबून असते ते लॅच दहा मिनिटांत उघडलं, हे बघून बरं वाटावं की भीती, ते कळेना. मी चारशे रुपये दिले आणि त्याच्याकडून आणखी एक चावी करून घेऊन ती काकूंकडे ठेवली.

संध्याकाळी त्यांच्या दाराआडच्या खुंटीवर ती टांगलेली दिसली. दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'समोरच्यांची कुंचिका'.