खुलासा : दुसरीपर्यंत लेखनबंदी नाही

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दोन दिवस एक मजकूर फिरतोय : 'नव्या धोरणानुसार दुसरीपर्यंत मुलांना लिहायला शिकवण्यास मनाई आहे.' असं काही नाही.

गोंधळ बहुधा इथून झाला असावा. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असं म्हटलंय. नको आहे तो गृहपाठ, लेखन नव्हे. उलट मुलांनी संध्याकाळी काय खेळलं, काय खाल्लं ते वर्गात सांगावं, असं तिथे सुचवलंय. २०२१ पासूनच्या 'निपुण भारत' या केंद्राच्या शालेय मोहिमेचं तर उद्दिष्टच तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता, लिहिता यावं हे आहे. मग लेखन कधी शिकायचं, तिसरीच्या वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री?

दहा-दहा वेळा 'कमल' गिरवून घेणं थांबवलं तर बरंच. तेवढ्यापुरता मी त्या मेसेजवाल्यांच्या बाजूने.

आमची नात हिंदी माध्यमात दुसरीला आहे. परवा आजीने तिला बाजाराची यादी लिहायला बसवलं. तिने लिहिलं : पोहे, जीरावन, केली. 'केली काय गं?' आजीने विचारलं. 'अगं, पिवळी पिवळी, खायची!' शाळेच्या वर्णमालेत ळ नाही, तिचा तरी काय दोष? आजीने पाटीवर मोठा ळ काढून दिला. आता ती बाळ, शाळा, पोळी शोधत घरभर हिंडतेय आणि भिंतीवरही लिहितेय, ते वेगळं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नये.