पाणी ओसरल्यावरचं कोण बोलणार?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलं म्हणून चिपळूण बुडालं की वाशिष्ठी नदीतला गाळ काढला नाही म्हणून, नकाशातली निळी पूररेषा कुठून गेली, लाल पूररेषेत कोणाचं घर आलं. २२ जुलै २०२१ चा पूर, अजून भांडण संपत नाही आणि संपूही नये, ज्यांची दुकानं गेली त्यांना उत्तर मिळायलाच हवं. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मध्येच कोणीतरी गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी वाटलेल्या डॉक्सीच्या, म्हणजे लेप्टो होऊ नये म्हणून घ्यायच्या डॉक्सीसायक्लिनच्या, गोळ्यांचा फोटो टाकला आणि खाली माझ्या चुलतभावाने लिहिलं, कशाला गोळ्या, आपण चिखलात अनवाणी वाढलो, काय झालं? त्यावर ढीगभर अंगठे.

काय झालं म्हणजे? २००५ च्या जुलैत मुंबईत पाणी ओसरल्यावर लेप्टोने, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसने, माणसं गेली, ती बुडून नाही, नंतर तापाने गेली. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतो, पायाला कुठे चिरलेलं असलं की आत शिरतो, ताप यायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि तोवर पूर पेपरातून गेलेला असतो. चिपळूणला आमच्या पेठेत पाणी उतरल्यावर लोक घमेल्यांनी गाळ उपसत होते, आंबलेलं धान्य, फुटलेली पोती, मेलेली जनावरं, त्याच वासात उभ्याने चहा, गमबूट होते कोणाकडे? शेजारच्या दुकानदाराला नंतर ताप भरला, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जिना चढवेना, आणि त्याला वाटत होतं गाळ उपसून अंग दुखतंय. वेळेत ॲडमिट केला म्हणून वाचला.

मी शारजात राहतो. १६ एप्रिल २०२४ ला आम्हीपण बुडालो, आमच्या गल्लीत पाणी कित्येक दिवस तसंच, लिफ्ट बंद, पार्किंगमधल्या गाड्या गेल्या. पण फोनवर अलर्ट वाजलेला, शाळा आदल्या दिवशीच ऑनलाइन केलेल्या, टँकर रात्रंदिवस पाणी खेचत होते. आणि बिल्डिंगमधले मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो सगळे पायाला पिशव्या बांधून पाण्यात उतरत होते, आम्ही असेच वाढलो असं एकानेही म्हटलं नाही.

इथल्या सरकारकडे पैसा आहे, मान्य. पण विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला कुठे पेट्रोलचा पैसा लागतो? एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम, पुरानंतर डोस वाढवायचा, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात थेंब टाकून रंग बघायची चाचणी, करून बघायचं पाण्यात क्लोरीन उरलंय का. हे आपल्या ग्रामपंचायतीला येतं, फक्त कोणी विचारत नाही. २०२१ च्या त्याच पुरात चिपळूणच्या एका कोविड हॉस्पिटलात पाणी शिरलं, वीज गेली, पेशंट दगावले. आता तिथला जनरेटर वरच्या मजल्यावर चढवला का, हे ग्रुपवर कोणीतरी विचारलेलं मला बघायचंय.

चुलतभावाचं उत्तर आलं, तू एसीत बसून शिकवू नकोस. लागलं ते. चिपळूण बुडालं त्या दिवशी नेटवर्क गेलेलं, मी नुसता आईचा नंबर फिरवत बसलो होतो, गाळ त्याने उपसला, मी पैसे पाठवले. ज्याने घमेलं उचललं नाही त्याने किती बोलावं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. इथे व्हिसा आहे तोवर आपण, तिकडे गेलो की पहिला प्रश्न परत कधी जाणार. तरी घर कुठे विचारलं की तोंडात चिपळूणच येतं, आणि त्या पाण्यात उतरणारी माझी आई आहे, त्यामुळे मी बोलणार.

परत लिहिलं. नदीतला गाळ काढावा म्हणून उपोषण करा, माझी सही घ्या. पण पुराच्या पाण्यात उतरला असाल तर तीन दिवसांच्या आत आरोग्य केंद्रात जा, डॉक्टरला विचारून गोळी घ्या, गरोदर बायकांना आणि लहान पोरांना वेगळं औषध असतं ते त्यांनाच ठरवू दे, आणि ताप आला तर पाण्यात होतो हे डॉक्टरला सगळ्यात आधी सांगा. बाकी कोणी काही बोललं नाही, काकीने तेवढं विचारलं, उपाशीपोटी घ्यायची की जेवून? जेवून काकी, आणि वर ग्लासभर पाणी पी, उकळलेलं.